पाठीवरची शिदोरी

पाऊस ओसरला, भातकापणी उरकली आणि सकाळच्या हवेत थोडा गारवा आला, की आम्हां शिक्षकांच्या मागे मुलांचा एकच तगादा सुरू होतो: "सर, यंदा सहल कुठे?" गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतण्याची सहल त्यांना नको असते. पाठीवर सामान घेऊन पायी जावे, एक रात्र उघड्यावर काढावी, आपले अन्न आपण शिजवावे, अशी त्यांची इच्छा असते. आणि ती योग्यच आहे. अशा सहलीला निघताना बरोबर काय न्यावे, हा प्रश्न मला पूर्वी अगदी किरकोळ वाटे. तो घरातील आईने किंवा आजीने सोडवावयाचा, अशी माझी समजूत होती. परंतु काही वर्षांपूर्वी हळर्ण गावी एका रात्री माझी जी फजिती झाली, तिने मला या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास लावले. मी इतिहास शिकवतो. तेव्हा साहजिकच मी उत्तर शोधावयास इतिहासाकडेच गेलो.

प्रथम ती फजिती सांगतो. पेडणे महालात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा जुना किल्ला आहे. आमच्या शाळेपासून तो फार दूर नाही. दूर नाही, म्हणूनच आम्ही गाफील राहिलो. तेवीस मुले-मुली, एक शिक्षिका आणि मी, असे आम्ही डिसेंबरातल्या एका शनिवारी निघालो. "ज्याला जे हवे ते घ्या," एवढेच मी मुलांना सांगितले होते. कोणी दोन-दोन जाड रजया घेतल्या होत्या. कोणी गाणी वाजवण्याची यंत्रे आणली होती. खाऊची रंगीत पाकिटे तर सर्वांच्याच पिशव्यांत होती. भात शिजवण्याचे मोठे पातेले आले, डाळ आली, मीठही आले. पण तांदूळ कोणीच आणले नव्हते. प्रत्येकाला वाटले, ते दुसरा आणील. दुपारपर्यंत पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत पाकिटे. गावातले दुकान बंद होते.

ज्या घराच्या खळ्यात आम्ही मुक्काम केला होता, तेथील म्हाताऱ्या आजीने आमची कुजबुज ऐकली. "भुरगीं उपाशी कशीं न्हिदतलीं?" एवढेच ती म्हणाली आणि आत गेली. तासाभराने उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचे लोणचे आमच्यापुढे आले. मुले पोटभर जेवली आणि झोपली. सकाळी मी भांडी परत देण्यास स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, तेव्हा तांदळाचा डबा पालथा घातलेला दिसला आणि त्या घरची सून रिकामी पिशवी घेऊन शेजारी निघालेली दिसली. मी पैसे पुढे केले. आजीने ते घेतले नाहीत, उलट तिला राग आला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी मुलांशी फारसे बोललो नाही. दोष त्यांचा नव्हता, माझा होता.

आपल्या भाषेत प्रवासातल्या अन्नाला दोन जवळजवळचे शब्द आहेत. बरोबर बांधून नेलेले तयार अन्न ती शिदोरी, आणि दुसऱ्याने दिलेले कोरडे धान्य, डाळ, मीठ तो शिधा. पेडण्यात आणि सावंतवाडीकडे दशावतारी मंडळी रात्रीच्या नाटकांसाठी या गावाहून त्या गावाला जात. डोक्यावर वेषभूषेचा पेटारा असे आणि जेवणासाठी गाव त्यांना शिधा देई. तो त्यांचा मान होता. गावाला त्यांची वाट असे आणि ते आपल्या कलेने त्याची फेड करीत. सहलीला निघालेल्या मुलांची गोष्ट तशी नाही. त्यांची कोणी वाट पाहत नसते. त्यांच्याजवळ शिदोरीच हवी. ती नसेल, तर ती शिध्यावर जगतात, आणि तो शिधा कोणाच्या डब्यातून येतो हे त्यांना कळतही नाही.

आता पहा, गोव्यातल्या घरांना शिदोरीचे शास्त्र परके नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत, आणि हिंदू घरांतही, मे महिन्यात पुरुमेंत भरण्याची चाल आहे. पोर्तुगीज भाषेतील तरतूद या अर्थाच्या शब्दावरून हा शब्द आला. सुके बांगडे, सुकी सुंगटे, सोलां, चिंच, मिरच्या, कांद्यांच्या माळा, मीठ आणि उकडे तांदूळ यांनी म्हापसा-मडगावचे बाजार त्या दिवसांत भरून जातात. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नसत, वाटा बंद होत. तेव्हा चार महिन्यांचे अन्न आधीच घरात आणून ठेवावे लागे. पुरुमेंतात ज्या वस्तू असतात, त्यांत पाण्याचा अंश कमी असतो. म्हणून त्या नासत नाहीत आणि वजनालाही हलक्या असतात. प्रवासी शिदोरीचा नियम हाच आहे.

पोह्यांचेच उदाहरण घ्या. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात. म्हणजे त्यांना आगीचा संस्कार घरीच झालेला असतो; वाटेत नुसते पाणी शिंपडले तरी ते खाता येतात. लाह्या, चुरमुरे, भाजलेले चणे, सातूचे पीठ ही सारी याच जातीची. ज्यांना चूल मांडण्यास उसंत नसे अशा वाटसरूंनी, गुराख्यांनी आणि स्वारांनी हे अन्न शतकानुशतके बांधून नेले आहे. सुदाम्याने मित्राच्या भेटीला नेले ते पोहेच, आणि गोकुळातल्या मुलांनी यमुनाकाठी आपापल्या शिदोऱ्या सोडून केला तो काला. आषाढी वारीचा शेवटही पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होतो. मला येथे शुभवर्तमानातील तो मुलगा आठवतो, ज्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. हजारोंच्या जमावात खाण्याचे काही बरोबर असलेला तेवढा एक पोरगाच शिष्यांना सापडला!

पुरुमेंताची हीच दृष्टी राज्यकर्त्याजवळ असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण शिवाजी महाराजांच्या एका प्रसिद्ध पत्रात सापडते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास हे पत्र लिहिले गेले. ज्या फौजेला ते लिहिले, तिची छावणी चिपळूण तालुक्यातील हलवर्ण या गावी होती. नावाच्या सारखेपणामुळे गोंधळ नको. ते गाव रत्नागिरीकडचे, आपले हळर्ण निराळे. पत्र प्रथम वाचताना मात्र त्या नावाने मी दचकलो, हे कबूल करतो.

पत्रातला मजकूर लढाईचा नाही, दाणावैरणीचा आहे. पावसाळा तोंडावर आला आहे. घोड्यांसाठी गवत आणि दाणा साठवलेला आहे. महाराज आपल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना बजावतात की, आता हाताशी आहे म्हणून हवे तसे खर्चून टाकाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग लोक रयतेच्या घरांत शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजी. असे झाले म्हणजे जे कुणबी अजून घर धरून राहिले आहेत तेही उठून जातील, आणि रयतेला तुम्ही मोगलांहूनही वाईट वाटाल. काही हवे असेल तर बाजारातून पैसे देऊन घ्यावे, कोणावर जुलूम करू नये. पुढे ते आगीविषयी लिहितात. जळती वात उंदीर ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सारी बेगमी एका रात्रीत जाईल. तेव्हा रात्री दिवे जळत ठेवू नयेत.

श्रोतेहो, उंदराने नेलेल्या वातीपर्यंत ज्याचे लक्ष जाते, त्या राजाला शिदोरीचा प्रश्न किरकोळ वाटत नव्हता हे उघड आहे. त्याचे कारणही त्याने स्पष्ट सांगितले आहे. आपली बेगमी चुकली, तर उपास आपल्याला घडत नाही. तो ज्याच्या दारात आपण उतरलो आहोत, त्या गरिबाला घडतो. पालथ्या घातलेल्या त्या तांदळाच्या डब्याचा अर्थ मला या पत्राने सांगितला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीच्या किल्ल्यावर बखर लिहिली. तीत लष्कराच्या शिस्तीचे वर्णन आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला यावे आणि दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर पडावे, असा क्रम होता. निघताना लहानापासून थोरापर्यंत प्रत्येकाजवळ काय वस्तू आहेत याची यादी होई, आणि परत आल्यावर त्या यादीशी सामान ताडून पाहिले जाई. बायका व कुणबिणी लष्करात नेण्यास बंदी होती. या यादीचा हेतू लुटीचा हिशेब ठेवण्याचा होता, हे खरे. पण निघण्यापूर्वी प्रत्येकाचे सामान उघडून पाहण्याची ही पद्धत मला शाळेच्या सहलीलाही अत्यंत उपयोगी वाटली.

याच्या उलट चित्र पुढल्या शतकात दिसते. १७६० साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे गेली, तेव्हा तिच्याबरोबर लढणाऱ्यांखेरीज बायकामुले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे यांचा फार मोठा जमाव होता. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतल्यावर तेथील धान्य हाती आले; पण एवढ्या तोंडांना ते किती दिवस पुरणार? पुढे पानिपतावर अब्दालीने वाटा रोखल्या. रसदेच्या कामगिरीवर असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दोन महिने कोंडलेली ती फौज १४ जानेवारी १७६१ रोजी लढण्यास बाहेर पडली, ती उपाशी माणसे आणि उपाशी जनावरे घेऊन. पानिपतच्या पराभवाला इतरही अनेक कारणे आहेत. ते सारे ओझ्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तथापि फार सामान आणि थोडे अन्न यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे तेथे दिसते. आमच्या तेवीस मुलांच्या पिशव्याही जड होत्या आणि त्यांत तांदूळ नव्हते.

हळर्णच्या किल्ल्याचीही एक तारीख या संदर्भात पाहण्यासारखी आहे. हा किल्ला सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो जिंकला. या विजयासाठी पोर्तुगालच्या राजाने पुढे त्याला 'मार्क्विस द आलोर्न' हा किताब दिला, आणि अशा रीतीने आपल्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदार घराण्याला लागले. त्याची नात पोर्तुगीज साहित्यात नामांकित कवयित्री म्हणून याच नावाने ओळखली जाते. किल्ला पुढे काही काळ पुन्हा सावंतांकडे होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेडणे महालाबरोबर तो पोर्तुगीज अमलाखाली गेला आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तोवर त्याच अमलात राहिला. तारखेकडे लक्ष द्या. मे महिन्याचा आरंभ, म्हणजे पावसाला महिना उरलेला. कोठारे भरण्याचा हा काळ, आणि स्वारी आटोपण्याचाही हाच काळ. पावसाचे हे पंचांग शेतकऱ्याला, शिपायाला आणि पुरुमेंत भरणाऱ्या गृहिणीला सारखेच बांधून ठेवीत असे.

किल्ल्यावर मुक्कामाला जाणाऱ्या मुलांनी आणखी एका ग्रंथाची ओळख करून घ्यावी. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यात किल्ल्यावर प्रथम पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावी, आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता साठवणाची दोन-चार ठिकाणे असावी, असे सांगितले आहे. केरकचऱ्याविषयीचा नियम तर आजच्या मुलांनी पाठ करावा असा आहे. गडावर वाटेत केर पडू देऊ नये. तो गडाखाली न फेकता जागच्या जागी जाळावा आणि राख परसात टाकून भाजीपाला करावा. आंबा-फणसासारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण रयतेने ती पोटच्या मुलांप्रमाणे वाढवलेली असतात. पाणी, केर आणि जळण या तीनही गोष्टींचा विचार तीनशे वर्षांपूर्वीच झालेला आहे. फरक एवढाच की, अमात्यांच्या काळी प्लास्टिक नव्हते. आजचा केर जाळून चालणार नाही. तो पिशवीत घालून घरी परत आणला पाहिजे.

सामान वाहण्याच्या साधनांनाही इतिहास आहे. खांद्यावर पुढेमागे लोंबणारी पडशी, काखेतली झोळी, अंथरुणाची वळकटी, स्वाराची खुर्जी आणि घोड्याच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा, हे आपले जुने शब्द. शिपाई ज्या पिशवीला हॅवरसॅक म्हणत, तो शब्द जर्मन भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ओटची पिशवी, म्हणजे घोड्याचा दाणा ठेवण्याची पिशवी, असा आहे. विलायतेतला सैनिक आणि आपला स्वार या दोघांनाही आपल्या आधी घोड्याच्या पोटाची काळजी होती. मुलांना रात्रभर तंबूत ठेवून शिस्त शिकवण्याचा प्रयोग बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर केला आणि त्यातून बालवीर चळवळ निघाली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था उभी राहिली. पाठीवर सामान घेऊन चालणारी मुले शाळांना परिचित झाली, ती मुख्यत्वे या चळवळीमुळे.

आता प्रत्यक्ष पिशवीत काय असावे ते सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर-धोरणात शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे सांगितले आहे. सहलीलाही मी याच मापाच्या आसपास राहतो. मुलाचे वजन ४० किलो असेल, तर पिशवी ४ किलोंची झाली. त्यात दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. ही वजाबाकी मी फळ्यावर करून दाखवतो. उरलेल्या दोन किलोंत अंथरूण, कपडे आणि अन्न बसवावयाचे आहे, हे कळले की रजया आणि गाण्याची यंत्रे आपोआप घरी राहतात.

एक हलकी चादर, अंगावर घ्यायला एक उबदार वस्त्र, कपड्यांचा एक जोड, ताट, पेला, विजेरी आणि पायांत बंद बूट, एवढे प्रत्येकाजवळ असावे. अंथरूण पिशवीच्या तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मध्यावर, आणि वाटेत लागणाऱ्या वस्तू सर्वांत वर. अन्नात पहिल्या दिवशीच्या दुपारसाठी भाकरी किंवा पाव व सुकी चटणी. नंतरच्या भुकेसाठी पोहे, चणे, गूळ आणि खोबरे. रात्रीचा भात सर्वांचा एकत्र. एका मुलामागे सुमारे शंभर ग्रॅम तांदूळ धरला, तर आम्हां पंचवीस जणांना अडीच किलो झाला. मी तीन किलो घेतो. हे तांदूळ एकाच्या पाठीवर न देता लहान पुरचुंड्या करून वाटून देतो. डाळ, मीठ, सोलां आणि औषधांचा लहान डबा तसाच वाटला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात सर्वांच्या पिशव्या उघडून यादीशी ताडून पाहतो. मुले या तपासणीला 'सभासदाची झडती' म्हणतात. म्हणेनात का.

चूल गवतापासून दूर, मोकळ्या जागी मांडावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवावी. येथे मी मुलांना वात नेणाऱ्या उंदराची गोष्ट सांगतो. ती ऐकल्यावर विस्तवाजवळ दंगा होत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा हळर्णला गेलो. वाटणीच्या तीन किलोंखेरीज आणखी पाच किलो उकडे तांदूळ मुलांनी आळीपाळीने वाहून आणले होते. आजीच्या खळ्यात उतरताच वर्गातल्या एका मुलीने ती पिशवी तिच्यापुढे ठेवली. आजी प्रथम घेईना. "हे पैसे नव्हेत, आजी," मुलगी म्हणाली, "आम्ही मागच्या वर्षी नेलेले तांदूळ परत आणले." त्यावर आजी हसली आणि पिशवी आत घेऊन गेली. रात्री आमचा भात आम्ही शिजवला. तो थोडा करपला. आजीने तोरांचे लोणचे मात्र पुन्हा दिले, आणि ते आम्ही आनंदाने घेतले.